भीतीची पुस्तके आणि आपले वाचनालय



आपल्या शाळेच्या वाचनालयात गेल्या वर्षभरात एक नवा खण भरला आहे. माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेल्या चित्रकथा त्यात आहेत. काही हिंदी कॉमिक्स, बरीचशी जपानी चित्रकथांची म्हणजे 'मांगा'ची इंग्रजी भाषांतरे, आणि त्यांतही अर्ध्याहून अधिक भुताखेतांची, भयाची. मधल्या सुट्टीत वाचनालयात जी काही वर्दळ असते ती आता याच खणापुढे असते. साहजिकच पालकसभेत त्यावर चर्चा झाली. काही पालकांचे म्हणणे असे, की ही पुस्तके शाळेत नकोतच. मुले रात्री घाबरतात आणि चित्रे किळसवाणी आहेत. काहींचे म्हणणे याच्या अगदी उलट होते : मुले काहीतरी वाचताहेत ना, मग वाचू द्या. विश्वस्त मंडळ पुढील बैठकीत या खणाचा निर्णय घेणार आहे. त्याआधी, वाचनालय सांभाळणारी शिक्षिका म्हणून माझे मत मांडावे असे वाटले.

माझे मत थोडक्यात सांगते. खण बंद करू नये, आणि तो वाऱ्यावरही सोडू नये. भयकथा कोणती आणि ती कोणाच्या हाती द्यायची हे पुस्तक वाचलेल्या, मुलाला ओळखणाऱ्या माणसाने ठरवावे. म्हणजेच प्रश्न पुस्तकांचा कमी आणि ती सुचवणाऱ्यांचा, अर्थात आपला, जास्त आहे.

भुते आपल्याला नवी आहेत का?

ही भीती जपानहून आली असे मानण्याचे कारण नाही. मराठी घरात भुतांची जेवढी नावे आहेत तेवढी क्वचितच कुठे असतील. मुंज झाल्यावर लग्नाआधीच गेलेल्या मुलाचा मुंजा पिंपळावर राहतो. हडळ विहिरीपाशी भेटते, गिऱ्हा पाण्यात ओढतो, चकवा माणसाला रात्रभर एकाच शेतात फिरवतो. खवीस आहे, समंध आहे, आग्यावेताळ आहे, आणि गोव्याकडे गावाची राखण करणारा देवचार आहे. कोकणातून आणि देशावरून जी घरे पिढ्यांपूर्वी इंदुरात येऊन स्थायिक झाली, त्यांच्या सामानाबरोबर ही मंडळीही आली. दिवे गेले की आजी हमखास त्यांतल्या एखाद्याची गोष्ट सांगत असे.

आजच्या पालकांपैकी आणि आजी-आजोबांपैकी अनेकांनी 'चांदोबा' वाचला आहे. त्यातला विक्रम राजा दर महिन्याला झाडावरचे प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून चालू लागे, आणि प्रेतातला वेताळ त्याला गोष्ट सांगे. चित्रकार शंकर यांनी काढलेले ते चित्र कित्येकांच्या डोळ्यांपुढे आजही उभे राहील. हातात तलवार, खांद्यावर लोंबकळणारे मढे, मागे कवट्या आणि घुबडे. शांतपणे पाहिले तर ते भयचित्रच आहे. ते दहा वर्षांच्या मुलांच्या हाती होते आणि कोणाचे काही बिघडले नाही. उलट प्रत्येक गोष्टीच्या शेवटी वेताळ जो प्रश्न टाकी, त्याचे उत्तर शोधण्याची सवय लागली. १९६४ साली सुरू झालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधल्या कवटीच्या गुहेत राहणाऱ्या परदेशी नायकालाही मराठीत आपण वेताळ हेच नाव दिले.

रत्नाकर मतकरी यांचे उदाहरण तर मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. मराठी गूढकथेत त्यांचे नाव नारायण धारपांच्या बरोबरीने घेतले जाते. त्याच मतकरींनी मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' हे नाटक लिहिले. त्यातली चिंची चेटकीण रंगमंचावर आली की मुले किंचाळतात, आईच्या कुशीत शिरतात आणि बोटांच्या फटीतून पाहतच राहतात. घाबरणे आणि मजा वाटणे या दोन गोष्टी मुलांच्या मनात एकत्र नांदू शकतात हे या लेखकाला ठाऊक होते. मोठ्यांना कोणती भीती द्यायची आणि लहानांना कोणती, यातला फरकही त्याला ठाऊक होता. आपल्याला नेमका हाच फरक शिकायचा आहे.

जपानी भयकथा म्हणजे काय?

ज्यांनी मांगा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. मांगा बहुधा काळ्या-पांढऱ्या रंगात असतो आणि उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. आपण ज्याला मलपृष्ठ म्हणू तिथून पुस्तक सुरू होते. भयकथेचे चित्रकार पान उलटण्याच्या क्षणाचा मोठा चातुर्याने उपयोग करतात. एका पानाच्या शेवटच्या चौकटीत दार किलकिले होते आणि दारामागे काय आहे ते पान उलटल्याशिवाय दिसत नाही. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की पान उलटणारा हात मुलाचा स्वतःचा असतो. सिनेमा आपल्या वेगाने पुढे जातो. पुस्तक मुलाच्या वेगाने पुढे जाते. नको वाटले तर ते मिटता येते, आणि दुसऱ्या दिवशी उजेडात पुन्हा उघडता येते.

या प्रकारातली तीन मोठी नावे सांगते. तिघांच्या तीन तऱ्हा आहेत.

पहिले शिगेरू मिझुकी (१९२२–२०१५). यांचे बालपण साकाइमिनातो या समुद्रकाठच्या गावी गेले. शेजारची एक म्हातारी बाई त्यांना तिथल्या भुताखेतांच्या गोष्टी सांगे. मुले तिला 'नोन्नोनबा' म्हणत. दुसऱ्या महायुद्धात त्यांना रबाउलच्या आघाडीवर पाठवण्यात आले आणि बॉम्बहल्ल्यात त्यांचा डावा हात गेला. परत आल्यावर एका हाताने त्यांनी आयुष्यभर चित्रे काढली, आणि काढली ती बव्हंशी आजीबाईच्या भुतांची. त्यांचा कितारो हा एकाक्ष भूतपोरगा जपानमध्ये घराघरांत ठाऊक आहे. त्याचे वडील म्हणजे चहाच्या वाटीत आंघोळ करणारे एक बुबुळ! माणसे आणि भुते यांच्यातली भांडणे मिटवण्याचे काम कितारो करतो. त्या म्हातारीच्या आठवणींवरच्या त्यांच्या चित्रकथेला २००७ साली फ्रान्समधील आंगुलेम येथील चित्रकथा महोत्सवात सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा मान मिळाला. आज साकाइमिनातोच्या रस्त्याच्या दुतर्फा त्यांच्या भुतांचे कांस्यपुतळे उभे आहेत. खरी भीती ज्याने रणांगणावर पाहिली, त्याने भुतांना मुलांचे सोबती केले.

दुसरे काझुओ उमेझु (१९३६–२०२४). यांची 'द ड्रिफ्टिंग क्लासरूम' ही चित्रकथा १९७२ ते १९७४ या काळात मुलांच्या साप्ताहिकातून क्रमशः आली. सहावीतला शो नावाचा मुलगा सकाळी आईशी कडाक्याचे भांडून शाळेत जातो. त्या दिवशी अख्खी शाळा जागची नाहीशी होते आणि भविष्यकाळातल्या एका उजाड वाळवंटात जाऊन पडते. अन्न संपत जाते. मोठी माणसे आधी धीर सोडतात आणि मुलांनाच राज्यकारभार चालवावा लागतो. प्रसंग भयंकर आहेत यात शंका नाही. पण कथेचा गाभा असा, की काळाच्या पलीकडे राहिलेली आई आणि अलीकडे अडकलेला मुलगा एकमेकांना हाका मारताहेत, आणि सकाळच्या भांडणाची माफी मागायची राहून गेली आहे. सकाळच्या घाईत आपल्या घरी जे होते तेच इथे आहे.

तिसरे जुंजी इतो. १९६३ साली जन्मलेले हे गृहस्थ आधी कृत्रिम दात तयार करण्याचे काम करीत. १९८७ साली त्यांची 'तोमिए' ही पहिली कथा मुलींसाठीच्या एका भयकथा मासिकात आली. तिला उमेझु यांच्या नावे असलेल्या स्पर्धेत उत्तेजनार्थ दाद मिळाली होती. सध्या आपल्या खणातली सर्वांत मागणी असलेली पुस्तके यांचीच आहेत, आणि पालकांची तक्रारही यांच्याच 'उझुमाकी'विषयी आहे. उझुमाकी म्हणजे भोवरा, चक्राकार वळण. एका गावाला या आकाराचे वेड लागते आणि माणसांची शरीरेसुद्धा वळत, पिळत जातात. चित्रकला अप्रतिम आहे. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'च्या त्यांच्या चित्ररूपाला २०१९ साली अमेरिकेतील आइसनर पुरस्कारही मिळाला. पण 'उझुमाकी' १९९८-९९ मध्ये ज्या साप्ताहिकात छापून आली ते प्रौढ वाचकांचे साप्ताहिक होते, आणि इंग्रजी प्रकाशकानेही तिच्यावर मोठ्या किशोरांसाठी अशी खूण केली आहे. पाचवीच्या मुलासाठी ती कधी लिहिलीच गेली नव्हती. तेव्हा तक्रार करणाऱ्या पालकांचे म्हणणे बरोबर आहे. पुस्तक वाईट नाही, पण ते चुकीच्या हाती पडले. चौथीपासून दहावीपर्यंतच्या सर्व मुलांपुढे एकच खण उघडा ठेवल्याचा हा परिणाम आहे.

बंदीने काय साधते?

मग सरळ सगळीच पुस्तके काढून टाकली तर? हा उपाय जगात आधी करून झालेला आहे, आणि त्याचा परिणाम पाहण्यासारखा आहे.

अमेरिकेत १९५० च्या सुमारास भयचित्रकथांचा सुळसुळाट झाला होता. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने १९५४ साली पुस्तक लिहून सांगितले, की मुलांच्या गुन्हेगारीला या चित्रकथा कारणीभूत आहेत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या. प्रकाशक विल्यम गेन्स यांच्यापुढे कुऱ्हाड आणि तुटलेले शिर असलेले मुखपृष्ठ धरून, हे सुरुचीला धरून आहे का, असे विचारण्यात आले. भयकथेच्या मुखपृष्ठाला धरून आहे, असे त्यांनी उत्तर दिले. ते कोणालाही पटले नाही, आणि मलाही ते पटत नाही. पण पुढे काय झाले ते पाहा. घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता केली. मासिकांच्या नावात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्द नकोत, रक्तपिपासू पिशाच्चे नकोत, चालती प्रेते नकोत. गेन्स यांना आपली भयमासिके बंद करावी लागली. आणि मग याच संहितेच्या कचेरीने त्यांच्या एका विज्ञानकथेला हरकत घेतली. वर्णभेदाविरुद्धची ती कथा होती. शेवटच्या चौकटीत अंतराळवीर शिरस्त्राण काढतो आणि तो कृष्णवर्णीय असल्याचे दिसते. तो तसा नको, असे कचेरीचे म्हणणे होते. गेन्स हटून बसले म्हणून १९५६ साली ती कथा जशीच्या तशी छापली गेली. भुते काढायला आणलेला झाडू कुठवर फिरतो ते यावरून दिसते. ती संहिता पुढे शिथिल होत गेली आणि २०११ साली उरलेल्या प्रकाशकांनीही ती सोडली. वर्थम यांची कागदपत्रे खुली झाल्यावर कॅरल टिली या संशोधिकेने ती तपासली आणि त्यांनी मुलांच्या नोंदींत फेरफार केल्याचे २०१२ साली दाखवून दिले.

आपल्या देशातही १९५६ साली तरुणांना अपायकारक प्रकाशनांविषयीचा कायदा झाला. त्यात चित्रांसह वा चित्रांविना सांगितलेल्या गुन्ह्याच्या, क्रौर्याच्या आणि किळसवाण्या, भयंकर प्रसंगांच्या गोष्टींचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र कायदा करणाऱ्यांनी एक सुज्ञपणा दाखवला. प्रकाशन समग्रपणे पाहता ते तरुण मनाला बिघडवणारे आहे का, अशी कसोटी त्यांनी लावली. एखादी चौकट पाहून निकाल देऊ नये, हे तेव्हाही मान्य होते. आपल्या सभेत मात्र मोबाइलवर काढलेले एका पानाचे छायाचित्र फिरले. ते पुस्तक पूर्ण वाचलेले त्या सभेत किती जण होते, हा प्रश्न मी नम्रपणे विचारते.

आता शाळेच्या वाचनालयाचेच उदाहरण घेऊ. केइजी नाकाझावा यांची 'बेअरफूट गेन' ही चित्रकथा हिरोशिमावरच्या अणुबॉम्बची आहे. लेखक स्वतः सहा वर्षांचे असताना त्यातून वाचले होते. ही भुताची कथा नाही, पण तिच्यातली काही चित्रे कोणत्याही भुतापेक्षा भयानक आहेत. जपानमधील मात्सुए शहराच्या शिक्षण कार्यालयाने डिसेंबर २०१२ मध्ये शाळांना कळवले, की हे पुस्तक उघड्या फडताळातून काढून आत ठेवावे आणि मुलांना सहज मिळू देऊ नये. पुढच्या वर्षी ही बातमी बाहेर आली तेव्हा देशभर वाद झाला. ऑगस्ट २०१३ मध्ये शहराच्या शिक्षण मंडळाने ते बंधन मागे घेतले आणि निर्णय ज्या त्या शाळेवर सोपवला. हा शेवट मला फार महत्त्वाचा वाटतो. दूरच्या कचेरीला पुस्तक आणि मूल यांतले एकही ओळखीचे नसते. शाळेला दोन्ही ओळखता येतात, मात्र शाळेने तेवढे कष्ट घ्यायला हवेत.

आक्षेपांत तथ्य आहे

आक्षेप घेणारे पालक मागासलेले आहेत असा सूर सभेत काहींनी लावला. तो मला मान्य नाही. त्यांच्या प्रत्येक आक्षेपात काही तथ्य आहे.

मुले रात्री घाबरतात, हे खरे आहे. काही मुलांच्या मनात चित्र शब्दापेक्षा जास्त दिवस राहते. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, आजारपण असेल, तर एरवी हसून वाचलेली गोष्ट मुलाला लागू शकते. अशा वेळी ते पुस्तक त्याला देऊ नये, एवढे साधे आहे. काही मांगांत क्रौर्य आणि अश्लीलता असते, हेही खरे आहे. ती शाळेत नकोत. याबाबत माझे दुमत नाही, आणि भेट आलेल्यांपैकी तशी पुस्तके मी वेगळी काढली आहेत.

तिसरा आक्षेप अंधश्रद्धेचा. भुतांच्या गोष्टी वाचून मुले भुतांवर विश्वास ठेवू लागतील, असा. याबाबत माझे मत वेगळे आहे. गोष्टीतले भूत कागदावर असते, ते कोणी कसे काढले हे मुलाला दिसते, आणि पुस्तक मिटले की ते संपते. अंधश्रद्धा पसरवणारा भोंदू भूत खरे आहे असे सांगतो आणि ते उतरवण्याचे पैसे घेतो. सातवीतली मुले जेव्हा चौकट निरखून म्हणतात, 'बाई, इथे डोळ्यात पांढरा ठिपका ठेवला नाही म्हणून भीती वाटते,' तेव्हा ती भीतीची चिकित्साच करत असतात. भीती कशी रचली जाते हे ज्याला कळले, त्याला भीती घालून फसवणे अवघड जाते.

आणखी एक वस्तुस्थिती. ही चित्रे मुलांपर्यंत पोचायची थांबणार नाहीत. ती मोबाइलवर सुटी सुटी फिरतात. कथा नाही, वयाची सूचना नाही, विचारायला कोणी नाही. खण बंद केल्याने एवढेच होईल, की मुले वाचनालयात विचारायची ती बंद होतील. पुस्तकाला निदान आरंभ असतो, शेवट असतो आणि ते परत घेताना 'कसे वाटले?' असे विचारणारे माणूस असते.

सुचवावे कसे?

आता कामाचे बोलू. भयकथा सुचवणे हे थोडेफार तिखट वाढण्यासारखे आहे. आपल्याला झेपते तेवढे समोरच्याला झेपेलच असे नाही, आणि अजिबात न वाढणे हेही त्यावर उत्तर नाही. मी वाचनालयात जी पद्धत सुरू केली आहे ती अशी.

एक, जे पुस्तक मी शेवटपर्यंत वाचले नाही ते मी सुचवत नाही. दोन, मुलाला आधी विचारते, की तुला कशाची भीती आवडते आणि कशाची नको? मुले नेमके सांगतात. 'भूत चालेल, पण किडे नकोत.' 'रक्त नको.' 'लहान मुलांना काही होणार असेल तर नको.' तीन, एका वेळी एकच पुस्तक. चार, अर्ध्यावर परत आणले तर कारण विचारत नाही आणि हसत तर मुळीच नाही. पाच, परत घेताना दोन मिनिटे बोलते.

यावरून पायऱ्या ठरतात. चौथी-पाचवीसाठी वेताळाच्या गोष्टी आणि मिझुकींचा कितारो पुरेसा आहे. त्यात भीतीपेक्षा हसूच जास्त येते. सहावी-सातवीसाठी युकी मिदोरिकावा यांची 'नात्सुमेज बुक ऑफ फ्रेंड्स' मी आवर्जून सुचवते. २००३ पासून येत असलेल्या या मालिकेतल्या मुलाला भुते दिसतात. आजीने मागे ठेवलेल्या एका वहीत भुतांची नावे बांधलेली आहेत, आणि तो एकेकाला त्याचे नाव परत देऊन मोकळे करतो. भीतीपेक्षा करुणाच अधिक असलेली ही भूतकथा आहे. नववी-दहावीत, घरच्यांच्या संमतीने, मुले जुंजी इतोंकडे वळू शकतात. त्यांची स्वतःच्या दोन मांजरांवरची विनोदी चित्रकथाही आहे. ती आधी द्यावी. भुताची चौकट आणि मांजराची चौकट एकाच हाताने सारख्याच गांभीर्याने काढलेली पाहून मुले खदखदून हसतात आणि मग भुताच्या चौकटीकडे अधिक शहाणपणाने पाहतात. 'द ड्रिफ्टिंग क्लासरूम' मूळ जपानीत मुलांच्या साप्ताहिकात आली असली तरी आपल्याकडे ती शाळा सुटल्यानंतरच्या वयासाठी, किंवा खरे तर पालकांसाठी, राखून ठेवावी असे मला वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही एकमेकांना पुस्तके सुचवता. माझ्यापेक्षा तुमचेच जास्त ऐकले जाते. म्हणून एक सांगणे. 'हे वाचून दाखव, घाबरलास तर बघ,' ही पैज झाली. सुचवताना मित्राला काय आवडेल याचा विचार करावा लागतो. पैज लावताना तो राहून जातो. पुस्तक देताना त्यात काय आहे ते आधी प्रामाणिकपणे सांगा. शेवट सांगू नका, पण किडे आहेत की रक्त आहे हे जरूर सांगा. आणि कोणी 'मला नको' म्हणाले तर ती भित्री भागूबाई नव्हे. आपल्याला काय झेपते हे ओळखणारा तो शहाणा वाचक आहे.

आपल्या मराठीसाठी

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. आपल्या मुलांना 'चुडैल' ठाऊक आहे, जपानी 'योकाई' ठाऊक आहेत, पण हडळ, गिऱ्हा, चकवा हे शब्द ठाऊक नाहीत. 'मुंजा' हा शब्द बहुतेकांनी २०२४ साली आलेल्या हिंदी चित्रपटातून ऐकला. इंदुरातल्या मुलांची बाहेरची भाषा हिंदी, अभ्यासाची बरीचशी इंग्रजी. मराठी उरते ती घरात, तीही आजी-आजोबा असतील तोवर. ज्या गोष्टी पूर्वी न शिकवता मिळत होत्या त्या आता कोणी मागितल्या तरच मिळतील.

म्हणून माझी सूचना अशी आहे. मिझुकींनी आपल्या आजीबाईच्या गोष्टींचे जे केले ते आपल्या मुलांनी करावे. घरातल्या ज्येष्ठांकडून एक भुताची गोष्ट ऐकावी, त्यांच्याच शब्दांत मराठीत उतरवून घ्यावी, गाव कोणते, झाड कोणते, विहीर कुठली हे विचारावे, आणि तिची चार पानांची चित्रकथा करावी. मांगाचे वेड लागलेल्या मुलांना चौकटी कशा पाडायच्या हे शिकवावे लागणार नाही. मराठी शब्दांसाठी मात्र त्यांना आजोबांकडे जावे लागेल. वर्षअखेरीस या चित्रकथांची बांधलेली वही त्याच खणात ठेवू. इंदुरातल्या मराठी घरांतली भुते एकत्र नोंदवली जातील, आणि ती नोंदवताना मुले मराठी लिहितील, स्वतःहून.

विश्वस्त मंडळाकडे माझ्या तीन विनंत्या आहेत. खण काढू नये. त्याचे इयत्तांनुसार तीन भाग करावेत, आणि वरच्या भागातली पुस्तके पालकांच्या लेखी संमतीने द्यावीत. एखाद्या पुस्तकाविषयी तक्रार आली तर एक शिक्षक, एक पालक आणि एक विश्वस्त अशा तिघांनी ते पूर्ण वाचूनच मत द्यावे. तोवर ते माझ्या टेबलात राहील. आणि तिसरी, 'चांदोबा'चे आणि मराठी 'इंद्रजाल'चे जुने अंक कोणाच्या माळ्यावर असतील तर ते या खणाला द्यावेत असे आवाहन मंडळाने समाजात करावे.

पालकांना मात्र एकच विनंती. निर्णयाच्या बैठकीपूर्वी, मुलाने घरी आणलेले पुस्तक एकदा त्याच्या शेजारी बसून वाचा. उजवीकडून डावीकडे कसे वाचायचे ते तुम्हाला तोच शिकवील. कुठे भीती वाटली ते त्याला सांगा, त्याला कुठे वाटली ते विचारा. त्यानंतरही हे पुस्तक नको असे वाटले तर वाचनालयात येऊन तसे सांगा. तुमच्या मुलाच्या नावापुढे मी तशी नोंद करून ठेवीन आणि ती कसोशीने पाळीन.